अक्कलखाती जमा

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा गच्चीवर भरते. खुर्च्या नेहमी कमी पडतात, म्हणून उशिरा येणारे पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकतात. यंदा दुसऱ्या मजल्यावरचे काका कठड्यावर होते. एरवी त्यांची जागा पहिल्या रांगेत, हातात हिशेबाची छापील प्रत आणि तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा. सचिवाला घाम फोडणारा माणूस. सिंकिंग फंडाचा विषय निघाला तसं त्यांनी सवयीने विचारलं, "मागच्या वर्षीची ठेव मोडली ती कुणाला विचारून?" आणि मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आधी तुमचं अक्कलखातं मिटवा." गच्ची हसली. काकाही हसले. पाच मिनिटांनी पाहिलं तर कठडा रिकामा होता आणि ठेवीचा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

काकांचं काय झालं ते सगळ्या इमारतीला माहीत आहे. आदल्या वर्षी त्यांना फोन आला होता : तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, तुमचं आधार कार्ड वापरलं गेलंय. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, त्याच्या मागे भिंतीवर बोधचिन्ह, मध्येच वायरलेसची खरखर. अडीच दिवस काका कॅमेऱ्यासमोर होते, रात्रीसुद्धा. 'डिजिटल अरेस्ट'. कुणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही, चौकशी गोपनीय आहे. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी बँकेत गेले, मुदतठेव मोडली आणि आरटीजीएस केलं. तेहतीस वर्षं एका सरकारी खात्यात ऑडिट केलेला हा माणूस.

त्यानंतर त्यांना जो कोणी भेटला त्याच्या तोंडी एकच शब्द होता. अक्कल गहाण ठेवली होती का? अक्कल कुठे चरायला गेली होती? मुलगा पुण्याहून आला तोही हेच म्हणाला, फक्त इंग्रजीत.

या शब्दाबद्दल मला थोडं भांडायचं आहे. एखाद्याला काय लागेल आणि काय नाही, एवढ्यापुरतं हे असतं तर लेख लिहिला नसता. पण शहाण्यासुरत्या माणसाची फसवणूक हा या शहरातला रोजचा प्रकार झाला आहे. फसलेला माणूस पहिल्या तासात तोंड उघडतो की चार दिवस लपवतो, यावर पैसे परत मिळणार की नाही ते ठरतं. आणि तो तोंड का उघडत नाही, याचं अर्धं उत्तर या शब्दात दडलेलं आहे.

आधी अक्कलखात्याबद्दल. मराठीच्या हिशेबी डोक्यातून निघालेला हा फार सुंदर शब्द आहे. जो पैसा वसूल होणार नाही, ज्याचा कुठल्याच सदरात मेळ बसत नाही, तो अक्कलखाती जमा. म्हणजे तोटा झाला, पण तोट्याची नोंद 'जमा' अशी. गेलेले पैसे ही शहाणपणाची फी. बंगालीत याला जुळं भावंड आहे, 'आक्केल सेलामी' : मूर्खपणापायी भरलेली सलामी. दोन्ही शब्द मुळात स्वतःबद्दल, किंचित हसून बोलायचे. माझे वडील म्हणायचे, "तो प्लॉट गेला, अक्कलखाती जमा केला." पहिल्या पुरुषात हा शब्द माणसाला मोकळं करतो. दुसऱ्या पुरुषात तोच दगड होतो. आमच्या गच्चीवर तो दगड म्हणून वापरला गेला.

एकूणच मराठीत अक्कल निघते ती बहुतेक नसल्याचं सांगायला. बेअक्कल, कमअक्कल, अक्कलशून्य, अकलेचा कांदा, अकलेचा खंदक, अकलेचं दिवाळं, अकलेचे तारे. अक्कल पाजळली जाते, शिकवली जाते, काढली जाते. कौतुक करायचं झालं की आपण दुसऱ्या कपाटातले शब्द काढतो : हुशार, बुद्धिमान, चतुर. शाळेच्या प्रशस्तिपत्रकावर 'बुद्धिमान विद्यार्थी' असतो आणि त्याच पोराला घरी बाप अक्कल विचारतो. बुद्धी समारंभाची, अक्कल चुलीपाशी ओरडा खाणारी. एकाच म्हणीत दोघी शेजारी उभ्या आहेत : 'अक्कल नाही काडीची, नाव सहस्रबुद्धे'. पहिला शब्द अरबी, शेवटचा संस्कृत, आणि मधली काडी अस्सल इथली. (अस्सलही अरबीच, पण ते जाऊ दे.)

'अक़्ल' हा मूळचा अरबी शब्द. सुरुवातीला 'ऐन', म्हणजे घशातून काढायचा ध्वनी. मग खोल 'क़', मग 'ल'. आपल्याकडे तो थेट अरबस्तानातून आलेला नाही. बहमनी आणि पुढे निजामशाही-आदिलशाहीच्या कचेऱ्यांतल्या फार्सीबरोबर आला. आपल्या जिभेने 'ऐन' टाकून दिला, शेवटचं जोडाक्षर सोडवलं आणि मधल्या 'क'ला दुप्पट वजन दिलं. हाच न्याय 'नक़्ल'ला लावला तेव्हा नक्कल झाली, 'शक्ल'ला लावला तेव्हा शक्कल. अक्कल, नक्कल, शक्कल : तिघी एकाच साच्यातून निघालेल्या, विभक्ती लागली की तिघींचा दुहेरी 'क' एकेरी होतो, अकलेचा, नकलेचा. शब्द किती आपला झाला आहे हे पाहायचं तर असं विभक्ती लावून पाहावं. पाहुण्याला कुणी घरचे नियम लावत नाही.

या मुळाचा जुना अर्थ 'विचार' नव्हे. तो उंटाचा आहे. उंट बसला की त्याचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून दोरीने बांधतात, म्हणजे तो उठून वाळवंटात चालता होत नाही. ती दोरी म्हणजे 'इक़ाल'. मराठीत तिला अगदी नेमका शब्द आहे, पायबंद. अरब पुरुष डोक्यावरचं कापड जागेवर राहावं म्हणून जी काळी दुपेडी दोरी घालतात, तिचंही नाव इक़ालच. लहानपणी मी ती कुलाब्यात पाहिली आहे. आखातातली कुटुंबं तेव्हा खास पाऊस बघायला मुंबईत येत, आणि आपण ज्या पावसाला शिव्या देत छत्री सावरत होतो त्यात ती माणसं गेटवेपाशी मुद्दाम भिजत उभी असत. वडिलांना विचारलं होतं, डोक्याला दोरी का बांधलीय? ते म्हणाले, वाऱ्याने उडू नये म्हणून. कापड की डोकं, ते मी विचारलं नाही.

तेराव्या शतकात इब्न मंज़ूरने 'लिसान अल-अरब' हा अरबीचा प्रचंड कोश रचला. त्यात अक़्लला अक़्ल का म्हणतात याचं कारण दिलं आहे : ती आपल्या धन्याला नाशात पाय टाकण्यापासून अडवून धरते. म्हणजे हा शब्द चमकदारपणाचा नाही. झटकन गणित सोडवणं, हजरजबाबी असणं, याच्याशी त्याचा मुळात संबंध नाही. थांबण्याशी आहे. कुराणात तर 'अक़्ल' हे नाम एकदाही येत नाही. येतात ती याच धातूची क्रियापदं, एकूण ४९ वेळा. तिथे ती 'असण्याची' वस्तू नाही, 'करण्याची' क्रिया आहे. मराठीने नेमकं उलट केलं. आपल्याकडे नाम राहिलं, क्रियापद हरवलं. म्हणून आपल्याकडे अक्कल असते किंवा नसते, जशी एखाद्याच्या खिशात सुटी नाणी असतात किंवा नसतात.

दहाव्या शतकातल्या अल-फ़ाराबीने या एका शब्दाच्या अर्थांवर अख्खा ग्रंथ लिहिला. ॲरिस्टॉटलच्या 'नूस'साठी, म्हणजे ग्रीकमधल्या बुद्धीसाठी, अरबीत हाच शब्द योजला गेला होता, त्यामुळे अर्थांची गुंतवळ झाली होती. तिथून पुढची वाट इब्न सीना, इब्न रुश्द आणि त्यांच्या लॅटिन भाषांतरांमधून युरोपच्या विद्यापीठांपर्यंत जाते, ती इथे चालत बसत नाही. मला त्या ग्रंथातली सुरुवात आवडते. फ़ाराबी पहिला अर्थ घेतो तो सामान्य लोकांचा : लोक एखाद्याला 'आक़िल' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं? त्याचं म्हणणं असं की वाईट कामात डोकं चालवणाऱ्याला आक़िल म्हणायला लोक कचरतात. त्याला ते धूर्त म्हणतील, कावेबाज म्हणतील. बाजारातल्या माणसाला हा फरक आधीपासून कळत होता. काकांना अडीच दिवस बसवून ठेवणारा तो गणवेशातला पोरगा हुशार होता यात मला तिळमात्र शंका नाही.

शब्द जिथे जिथे गेला तिथे त्याने थोडं वेगळं पाणी चाखलं. तुर्कीत तो 'अकिल' आहे, आणि तुर्क म्हणतात, अक्कल वयात नसते, डोक्यात असते. आपल्या 'साठी बुद्धी नाठी'ला हे परस्पर उत्तर. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत 'अकिली' झाला आणि तिथे म्हण आहे की अकिली हीच दौलत. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेत 'हंकाली' झाला, आणि 'अ हंकाली' म्हणजे सावकाश, जपून; उंटाची दोरी तिथे अजून शाबूत आहे. मलाय-इंडोनेशियन टापूत 'अकल' झाला, पण त्याला युक्तीचा, चकव्याचा वास लागला. कासवाची अक्कल म्हणजे लबाडी. त्याच भाषेत विवेकबुद्धीला शब्द आहे 'अकल बुदी'. अरबी अक़्ल आणि संस्कृत बुद्धी, हातात हात घालून. आपल्याकडे म्हणीत एकमेकींना टोमणे मारणाऱ्या या दोघी जावांनी जावाच्या आसपास केव्हाच एक चूल केली. पंजाबीत गुरू नानकांनी हा शब्द मानाने वापरला : अकलेने सेवा करावी, अकलेने वाचून समजून घ्यावं, आणि वादात घालवली जाते तिला अक्कल म्हणू नये.

आता कुणी म्हणेल, परका शब्द आहे तर काढून टाका, बुद्धी आहेच की. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्यातले दिनांक, महापौर हे शब्द आपण आज बिनदिक्कत वापरतो आणि ते चांगले आहेत. पण कचेरीतला शब्द बदलता येतो, चुलीपाशी पोचलेला बदलत नाही. आणि तसंही, अक्कल काढून टाकली तर निम्मी मराठी भांडणं मुकी होतील. अक्कलदाढेला काय बुद्धिदंत म्हणणार?

मूळ मुद्द्याकडे येतो. याच धातूपासून अरबीत आणखी एक शब्द आहे, 'आक़िला', आणि माझं सगळं म्हणणं त्याच्या भोवती फिरतं. चुकून कुणाच्या हातून माणूस मेला तर भरपाईचा बोजा त्या एकट्यावर पडत नसे. त्याच्या बापाकडचे भाऊबंद मिळून तो उचलत. या भाऊबंदांना म्हणत आक़िला. भरपाईलाही 'अक़्ल' म्हणत, कारण भरपाईचे उंट मृताच्या घरच्यांच्या अंगणात आणून, पायबंद घालून बांधले जात. एकाचा घात निस्तरायला दहाजण दोरी धरून उभे, असं ते चित्र आहे.

व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. सातव्या शतकातल्या उंटवाल्यांना एखादी गोष्ट अशी दिसली म्हणून मुंबईतल्या माणसाने तशीच पाहावी, असा काही कायदा नाही. शब्दाचं मूळ सांगून वाद जिंकणारे लोक मलाही कंटाळवाणे वाटतात. पण काकांच्या अडीच दिवसांचा हिशेब मांडायला बसलो तर आपल्या नेहमीच्या अर्थाने तो लागत नाही आणि या जुन्या अर्थाने लागतो.

नेहमीचा अर्थ सांगतो की अक्कल ही प्रत्येकाच्या कवटीत कमीजास्त भरलेली असते. मग ऑडिटच्या माणसाची ती तीन दिवसांसाठी कुठे गेली आणि चौथ्या दिवशी कुठून परत आली? काकांनी त्या अडीच दिवसांत दुधाचं बिल बरोबर चुकतं केलं होतं. बँकेच्या फॉर्मवर एक खाडाखोड नव्हती. बुद्धी जागेवर होती, हुशारी जागेवर होती. नव्हतं ते फक्त दुसरं माणूस. ठग सगळ्यात आधी पैसे मागत नाही. तो आधी म्हणतो, कुणाला सांगू नका. दार लावून घ्या. कॅमेरा बंद करू नका. तो पहिले अडीच दिवस एकच काम करत असतो, माणसाला त्याच्या आक़िलापासून तोडण्याचं. एकदा ते झालं की मुदतठेव आपोआप मोडते. काकूंनी स्वयंपाकघरातून एकदा विचारलं होतं, "कुणाशी बोलताय एवढं?" काका म्हणाले, ऑफिसचं आहे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेला माणूस. ती एक दोरी होती, ती हातातून सुटली.

२७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टवर तीन पायऱ्या सांगितल्या : 'रुको, सोचो, एक्शन लो.' पहिली पायरी थांबण्याची, म्हणजे थेट इक़ालची. यापेक्षा बरोबर सल्ला देता आला नसता. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हेही सांगून झालं. १९३० हा मदतीचा क्रमांक फोनच्या रिंगटोनआधी ऐकून ऐकून पाठ झाला. तरी या सगळ्या जागृतीचं व्याकरण एकवचनी आहे. तू सावध राहा. तू थांब. उंटाने स्वतःचा पाय स्वतः बांधावा, अशी ती अपेक्षा आहे. घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही, कारण भीतीचं कामच पळवण्याचं असतं.

मी काही बाहेर उभा राहून हे बोलत नाही. मार्च २०२० मध्ये 'आज रात्री हेलिकॉप्टरने औषध फवारणार आहेत, कपडे आत घ्या' हा निरोप मी तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता. मुंबईवर हेलिकॉप्टरने फवारणी! वाचून हसू येतं, पण त्या रात्री मी खरंच दोऱ्या रिकाम्या केल्या होत्या. इस्लामी विद्वत्तेत 'अक़्ल' आणि 'नक़्ल' ही जोडी फार जुनी आहे : विचाराने कळलेलं आणि परंपरेने, ऐकून पुढे आलेलं. आपण मराठीत परीक्षेतल्या पोराला सहज म्हणतो, नक्कल करायलाही अक्कल लागते, आणि ती जोडी आपल्याला माहीत नसताना आपल्या तोंडून बोलते. मला त्या रात्री एका पुतणीने फक्त एक प्रश्न पाठवला : "काका, हे कुणी सांगितलं?" तिने अक्कल काढली असती तर मी चिडून आणखी दोन ग्रुपवर पाठवलं असतं, इतपत मी स्वतःला ओळखतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आक़िला म्हणजे शेवटी कुळ, जमात, भाऊबंद. आपल्याकडे हे नवं नाही. महाराष्ट्रात माणसाला शहाणपण शिकवायला जातपंचायती बसत होत्या. त्यांनी वाळीत टाकलेल्यांसाठी राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आगरकरांनी स्वतःच्या बुद्धीला पटेल ते लिहिलं म्हणून पुणेकरांनी त्यांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली. दहाजण दोरी धरून उभे असले की ती दोरी पायात राहील की गळ्यात जाईल, याची खात्री कुणी द्यायची? बुद्धिप्रामाण्याची आपली सगळी परंपरा एकट्या माणसाने गर्दीला 'नाही' म्हणण्यातून उभी राहिली आहे, आणि मी तिला गच्चीवरच्या हशाच्या हवाली करू म्हणतोय की काय?

नाही. पण आगरकर एकटे पडले होते, एकटे केले गेले होते असं म्हणू या. एकटेपणा ही त्यांच्या विचाराची अट नव्हती, शिक्षा होती. ते केसरीतून बाहेर पडले तेव्हा त्यांनी 'सुधारक' काढला, म्हणजे पुन्हा वाचक गोळा केले. विचार करणाऱ्यालाही कुणाशी तरी बोलून पाहावं लागतं. पायबंद आणि फास यांत फरक एवढाच की पायबंद कुणी घालायचा हे ज्याचा पाय त्याने ठरवावं आणि सोडायचा हक्कही त्याचाच असावा. जातपंचायतीने तो हक्क कधी दिला नाही.

आपल्या कायद्याला हे बऱ्यापैकी कळतं, समाजाला कमी. २० ऑगस्ट २०१३ ला नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्या वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्या कायद्यात शिक्षा आहे ती भोंदूला. त्याच्याकडे गेलेल्या बाईला कायदा विचारत नाही की बाई, तुझी अक्कल कुठे होती. फसवणुकीचा गुन्हाही फसवणाऱ्याच्या कृतीवरून ठरतो, फसलेल्याच्या मार्कांवरून नाही. पण घरी, गच्चीवर, कौटुंबिक ग्रुपवर मात्र आपण दुसरं कोर्ट चालवतो आणि त्यात आरोपी फिर्यादीच असतो. या कोर्टाच्या भीतीने काकांनी पैसे गेल्याचं चौथ्या दिवशी सांगितलं. तोवर ते अठरा लाख वेगवेगळ्या खात्यांत फुटून गेले होते. १९३० वर पहिल्या तासात फोन गेला असता तर काही रक्कम गोठवता आली असती. त्या तीन दिवसांची किंमत आमच्या सगळ्यांच्या टोमण्यांनी, ते मारले जाण्याच्या आधीच, वसूल केली होती.

म्हणून मला जे हवं आहे ते थोडं नेमकं सांगतो. नवीन खातं जोडलं की पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम पाठवता येत नाही, अशी अडवणूक अनेक बँकांच्या नेटबँकिंगमध्ये आहे. आपण तिला वैतागतो. तो इक़ाल आहे. पण तो ॲपमध्ये आहे, शाखेच्या काउंटरवर नाही, आणि ठग म्हाताऱ्यांना काउंटरवरच पाठवतात. साठीच्या पुढच्या खातेदाराला, त्याची इच्छा असेल तर, एक सोय मिळावी : ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार एक दिवस थांबेल आणि त्याने स्वतः निवडलेल्या एका माणसाला फोन जाईल. तो माणूस मुलगाच असला पाहिजे असं नाही. मैत्रीण असेल, शेजारी असेल. व्यवहार अडवायचा अधिकार त्या माणसाला नको, फक्त विचारायचा : "कुणाशी बोलताय एवढं?" आणि खातेदाराला वाटेल तेव्हा हे नाव काढता यावं. नाहीतर आईच्या संरक्षणाच्या नावाखाली तिच्या पासबुकावर ताबा मिळवणारी मुलंही याच शहरात राहतात. बँकेतल्या एखाद्या कर्मचाऱ्याने हटकल्यामुळे पैसे वाचल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या आपण चमत्कारासारख्या वाचतो. ते कामाचा भाग का नसावं?

दुसरी गोष्ट सरकारच्या हातातली नाही. सोसायटीच्या सूचनाफलकावर फसवणुकीच्या नव्या प्रकारांची यादी लावण्यापेक्षा, ज्याला असा फोन आला तो फोन चालू असतानाच कुणाची बेल वाजवू शकतो, ती दोन नावं लावावीत. मी समितीला तसं पत्र दिलं. पत्रावर चर्चा झाली, आणि अशा गोष्टीत इमारतीचं नाव खराब होतं असं ठरलं.

या दिवाळीनंतर काकांनी मृत्युपत्र करायचं काढलं. उरलेलं कुणाला जायचं ते लिहून ठेवतो म्हणाले. त्यांच्या ओळखीचे एक वकील मसुदा घेऊन घरी आले. त्यांनी वाचायला सुरुवात केली : 'मी, खाली सही करणार, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता...' काकांनी हात वर केला. वकील थांबले. काकू ताटात चिवडा काढत होत्या, त्याही थांबल्या.

"हा शब्द ठेवायचाच का?" काका म्हणाले.

वकील म्हणाले, सगळ्यांच्या मृत्युपत्रात असतो, पद्धत आहे. मग जरा वेळाने, कागदावर नजर ठेवूनच म्हणाले, "तरी नुसतं तुम्ही लिहून चालत नाही. दोन साक्षीदार लागतात, कायदाच आहे."

दुसरा साक्षीदार मी आहे. सही केली, खाली नाव-पत्ता लिहिला आणि कागद पुढे सरकवला. काकांनी चष्मा चढवून तो वाचला, खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या पिनकोडाखाली एक बारीक रेघ ओढली. मी ४०००८० लिहिला होता. तो पश्चिमेचा.